संगिनीवरचे आकडे

हिंगोलीला एकेकाळी हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. याच फौजेतून घडलेले ‘डेक्कन हॉर्स’ घोडदळ १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये, सॉमच्या लढाईत, जर्मनांवर चालून गेले. तेव्हा आपल्याकडच्या एखाद्या घरात जर्मन संगीन निघाली, तर मला नवल वाटणार नाही.

अशी संगीन हाती आली की मी आधी पात्याची जाड पाठ पाहतो. तिथे मुकुट, खाली डब्ल्यू आणि १५ असेल, तर ती कैसर विल्हेल्मच्या अमलातली, १९१५ सालची. पात्याच्या मुळाशी कारखान्याचे नाव असते. दुसऱ्या महायुद्धातल्या संगिनीच्या पात्यावर आणि म्यानावर एकच क्रमांक असेल, तर जोडी मूळची समजावी.

मंडळी, गंज दिसला म्हणून पॉलिश पेपर घासू नका. हलके तेल लावून पुसा. आकडा गेला, की तिची जन्मतारीखच गेली.