वेटिंगवर नाव असताना परदेशी एमबीबीएसला कधी निघायचं?

नीटचा निकाल लागून महिना-दोन महिने झाले की आपल्या समाजातल्या बऱ्याच घरांत एकच चर्चा सुरू असते. मुलगा किंवा मुलगी नीट क्वालिफाय आहे, पण सरकारी कॉलेज हमखास मिळेल इतके मार्क नाहीत. खासगीची फी झेपणारी नाही. म्हणून परदेशात दोन ठिकाणी अर्ज केलेले असतात. ज्या विद्यापीठावर मन बसलंय तिथून उत्तर येतं की नाव प्रतीक्षा यादीत आहे, जागा झाली तर सप्टेंबरच्या बॅचला घेऊ, नाहीतर फेब्रुवारीला. दुसरं विद्यापीठ, जे तितकंसं पसंत नव्हतं, ते म्हणतं आत्ता पैसे भरा आणि सप्टेंबरला या.

अशा वेळी एजंट एक सोपा रस्ता दाखवतो. आत्ता दुसरीकडे पाठवा, सेमिस्टर वाया घालवू नका, पहिल्या ठिकाणचं वेटिंग क्लिअर झालं की ट्रान्सफर करून देऊ. नगर जिल्ह्यात, मग ते मुकुंदनगर असो, श्रीरामपूर असो की संगमनेर, हा सल्ला पालकांच्या कानावर हमखास पडतो. आमचं स्पष्ट मत आहे की हा सल्ला ऐकू नये. का, ते नीट समजून घेऊ.

नॅशनल मेडिकल कमिशनने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी परदेशातून शिकून येणाऱ्या डॉक्टरांसाठी नवे नियम लागू केले. त्यानुसार कोर्स किमान ५४ महिन्यांचा हवा, शिक्षणाचं माध्यम इंग्रजी हवं, आणि त्यावर १२ महिन्यांची इंटर्नशिप तिथेच, त्याच परदेशी संस्थेत पूर्ण झालेली हवी. नियमातला कळीचा भाग असा की संपूर्ण कोर्स, प्रशिक्षण आणि इंटर्नशिप एकाच संस्थेत झाली पाहिजे. थोडं इथं, थोडं तिथं चालत नाही. म्हणजे ज्या कॉलेजात पहिल्या दिवशी वर्गात बसलात, तेच कॉलेज शेवटपर्यंत. नंतर पहिल्या पसंतीच्या ठिकाणी जागा झालीच, तर तिथे पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल. आधीची फी, होस्टेल, विमान सगळं पाण्यात.

एजंट मंडळी यावर युक्रेनचं उदाहरण देतात. तिथल्या मुलांना दुसऱ्या देशात जायला मिळालंच की, असं म्हणतात. हो, मिळालं. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने ‘अ‍ॅकॅडेमिक मोबिलिटी’ मान्य केली, पण ती युद्धामुळे दिलेली अपवादाची सूट होती आणि डिग्री मूळ युक्रेनी विद्यापीठाचीच मिळणार होती. वेटिंग क्लिअर झालं म्हणून कॉलेज बदलणाऱ्याला ती लागू होत नाही.

युक्रेनच्या त्या वर्षाकडे तारखांच्या नजरेने बघितलं तर बरंच शिकण्यासारखं आहे. नीट २०२१ ही परीक्षा १२ सप्टेंबरला झाली आणि निकाल लागला १ नोव्हेंबरला. देशातलं काउन्सेलिंग आरक्षणाच्या कोर्टकचेरीत अडकलं आणि अखिल भारतीय कोट्याची पहिली फेरी सुरू व्हायला १९ जानेवारी २०२२ उजाडला. या मधल्या काळात परदेशी गेलेल्या मुलांचे दोन गट पडले. ज्यांचा प्रवेश १८ नोव्हेंबरच्या आधी झाला होता त्यांना जुने नियम, नंतर गेलेल्यांना नवे. काही आठवड्यांच्या फरकाने कायदाच बदलला. जे डिसेंबर-जानेवारीत कीव्ह, खार्किव्हला पोहोचले त्यांना धड थंडीची सवयही झाली नसेल, तोवर २४ फेब्रुवारीला युद्ध पेटलं. ‘ऑपरेशन गंगा’त सुमारे २२,५०० भारतीय परतले, त्यातले बहुतेक विद्यार्थी होते. शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी नंतर काही वाटा निघाल्या. कुणाला एकाऐवजी दोन वर्षांची इंटर्नशिप, तर कुणाला इथेच परीक्षा द्यायची एकवेळची संधी. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी भारतातल्या कॉलेजांचं दार उघडलं नाही.

युद्धाची तारीख कुणालाच आधी कळत नाही, हे खरं. २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये बांगलादेशातून आणि जून २०२५ मध्ये इराणमधून मुलं घाईने परत आणावी लागली, तेव्हाही कुणाला अंदाज नव्हता. पण आपल्या हातात असलेल्या तारखा तरी डोळे उघडे ठेवून ठरवायला हव्यात.

सगळ्यात आधी एक भीती काढून टाकू. ‘या वर्षी गेलं नाही तर नीट वाया जाईल’ असं सांगून पालकांना घाबरवलं जातं. परदेशी शिक्षणासाठी नीटचा निकाल जाहीर झाल्यापासून तीन वर्षे ग्राह्य असतो. नीट २०२५ चा निकाल १४ जून २०२५ ला लागला, म्हणजे त्या स्कोअरवर जून २०२८ पर्यंत प्रवेश घेता येतो. यात दोन-तीन सप्टेंबर आणि तितकेच फेब्रुवारी येतात. अट एवढीच की मूल पात्र असलं पाहिजे. २०२५ ला खुल्या गटासाठी हा आकडा १४४ मार्कांचा होता, ओबीसीसाठी ११३. (आपल्याकडच्या बागवान, अत्तार, मोमीन, पिंजारी अशा अनेक घरांना ओबीसीचा लाभ मिळतो, पण नीटला केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रिमिलेअर दाखला लागतो. तो वेळेत काढलेला नसतो आणि मूल खुल्या गटात मोजलं जातं, हे दर वर्षी बघायला मिळतं.)

आता देशातल्या यादीचा हिशेब. आपल्या जिल्ह्यात लोणीचं प्रवरा हे अभिमत विद्यापीठाचं कॉलेज, त्याच्या जागा दिल्लीच्या एमसीसीमार्फत भरतात. विळद घाटातलं विखे पाटील फाउंडेशनचं कॉलेज राज्याच्या सीईटी सेलमार्फत भरतं. म्हणजे घरातलं एकच मूल दोन वेगवेगळ्या वेळापत्रकांवर ताटकळत असतं, आणि वर परदेशी वेटिंग. या फेऱ्या ऑक्टोबरपर्यंत सहज लांबतात. २०२४ मध्ये तर रिकाम्या जागांसाठी सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने ३० डिसेंबरपर्यंत मुदत गेली. अभिमत कॉलेजांसाठी २ लाख रुपये अनामत भरावी लागते आणि पहिल्या फेरीनंतर मिळालेली जागा सोडली तर ती जप्त होऊ शकते. तेव्हा सप्टेंबरला विमानात बसणारा विद्यार्थी देशातली यादी अर्ध्यावर सोडून जातो, हे आधीच मान्य करून निघावं. तिथून इथल्या फेरीकडे डोळे लावून बसायचं आणि तिथलं अ‍ॅनाटॉमी वाऱ्यावर सोडायचं, यात दोन्हीकडचं नुकसान.

मग सप्टेंबर की फेब्रुवारी? समजा सहा वर्षांचा कोर्स आहे. सप्टेंबर २०२५ ला सुरू केला तर साधारण २०३१ च्या जून-जुलैत संपतो. परत आल्यावर एफएमजीई ही स्क्रीनिंग परीक्षा द्यावी लागते, वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये. सध्याच्या पद्धतीत डिसेंबरच्या परीक्षेसाठी डिग्री ३१ ऑक्टोबरपर्यंत हातात हवी आणि जूनच्या परीक्षेसाठी ३० एप्रिलपर्यंत. म्हणजे हा विद्यार्थी डिसेंबर २०३१ ला बसेल. फेब्रुवारी २०२६ ला सुरू करणारा २०३२ च्या सुरुवातीला मोकळा होईल आणि जूनच्या परीक्षेला बसेल. फरक पडला सहा महिन्यांचा. नंतर इथली एक वर्षाची इंटर्नशिप दोघांनाही आहेच.

आमच्या मते सगळा निर्णय या हिशेबावर उभा आहे. चांगल्या कॉलेजसाठी फेब्रुवारीपर्यंत थांबलं तर अर्धं वर्ष जातं. नावडत्या कॉलेजात घाईने जाऊन मग बदल केला तर अख्खं वर्ष, आणि लाखो रुपये. आणि नावडत्या कॉलेजातच राहिलं तर? एफएमजीईत ३०० पैकी १५० मार्क लागतात आणि बऱ्याच सत्रांत पास होणाऱ्यांचं प्रमाण चौथ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी राहिलं आहे. ज्या कॉलेजात वॉर्डात पेशंट बघायला मिळत नाही, तिथून आलेलं मूल या परीक्षेत चार-चार वेळा अडकतं. तिथे वाचवलेले सहा महिने इथे दोन वर्षांनी फेडावे लागतात.

पण फेब्रुवारी म्हणजे सगळीकडे सारखी गोष्ट नाही. जॉर्जियात शरद आणि वसंत असे दोन प्रवेश चालतात. रशियात शैक्षणिक वर्ष १ सप्टेंबरलाच सुरू होतं. काही ठिकाणी फेब्रुवारीची बॅच स्वतंत्र असते, पहिल्या धड्यापासून. काही ठिकाणी मात्र नवीन मुलांना सप्टेंबरच्या बॅचमध्ये मधेच बसवतात आणि राहिलेलं ‘नंतर करून घेऊ’ म्हणतात. असा प्रकार असेल तर पुढच्या सप्टेंबरपर्यंत थांबणं बरं. तीच गोष्ट उशिरा पोहोचण्याची. सप्टेंबरच्या बॅचला नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जा, तोवर ऑनलाइन बसा, असं कुणी म्हटलं तर साफ नाही म्हणा. फक्त ऑनलाइन झालेलं मेडिकल शिक्षण मान्य नाही हे आयोगाने २०२२ मध्येच स्पष्ट केलं होतं. चीनच्या सीमा कोविडमध्ये बंद झाल्यावर घरी बसून शिकलेल्या मुलांनी याची किंमत मोजली आहे.

काही पालक विचारतात की फेब्रुवारी-मार्चमध्ये रमजान येतो, परक्या मुलखात पहिलेच रोजे, कसं होणार. काळजी रास्त आहे, पण त्यावरून बॅच ठरवू नये. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, सहा वर्षांत परीक्षेच्या काळातही येईल.

कागदपत्रांवर जरा जास्त बोलायला हवं, कारण वेटिंग क्लिअर होतं तेव्हा हातात फार दिवस नसतात. आपल्याकडे सगळ्यात मोठी अडचण नावाची. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळा क्रम. आधारवर तिसराच. एकाच घरात शेखचं इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हेचं, सय्यदचंही तसंच. उर्दू शाळेच्या दाखल्यावर मोहम्मद पूर्ण लिहिलेलं, पुढे कुठेतरी त्याचं नुसतं एमडी झालेलं. परदेशी विद्यापीठ आणि दूतावास दोघंही यावर अडवतात. दहावी-बारावीच्या मार्कशीटमधली दुरुस्ती शाळेमार्फत पुण्याच्या विभागीय मंडळाकडे जाते, नाव बदलायचं असेल तर राजपत्रात छापून आणावं लागतं, पासपोर्टही पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाखाली. त्यानंतर राज्य सरकारचं प्रमाणन, परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, पोलीस क्लिअरन्स, व्हिसा. नाव जुळत असेल तर हे काही आठवड्यांत होतं. जुळत नसेल तर महिने जातात. ज्याचं नाव तीन कागदांवर तीन प्रकारे आहे त्याने सप्टेंबरचं स्वप्न बघू नये, थेट फेब्रुवारी धरावी आणि मधला वेळ दुरुस्तीला द्यावा. बारावीला असतानाच हे करून ठेवलं तर उत्तमच.

पैशाचंही तसंच. व्याजाचं कर्ज नको म्हणणारी घरं आपल्यात पुष्कळ आहेत. तिथे प्लॉट विकणं, दागिने मोडणं, नातेवाइकांकडून कर्जे हसना घेणं, असा मामला असतो आणि त्याला वेळ लागतो. घाईत विकलेल्या प्लॉटला भाव येत नाही. कर्ज चालत असेल तर मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे अल्प व्याजाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करा, पण मंजुरीची तारीख धरून चालू नका. ‘पढो परदेश’बद्दल अजूनही विचारणा होते. ती योजना २०२२-२३ पासून बंद आहे आणि चालू होती तेव्हाही एमबीबीएससाठी नव्हतीच.

वेटिंगचं पत्र आलं की गप्प बसू नये. विद्यापीठाच्या अधिकृत ईमेलवर मुलाने स्वतः लिहावं, एजंटमार्फत नको. यादीत कितवा नंबर आहे, यादी शेवटची कधी हलते, प्रत्यक्ष हजर होण्याची अंतिम तारीख कोणती, आत्ताचा अर्ज फेब्रुवारीसाठी चालेल की नव्याने करावा लागेल, आणि भरलेली रक्कम परत मिळते का. लेखी उत्तर देत नसतील तर तेही एक उत्तरच समजा. या उत्तरांवरून घरात बसून एक तारीख पक्की करा, उदाहरणार्थ १५ ऑगस्ट. तोवर यादी हलली नाही तर सप्टेंबर सोडला, असं अम्मी-अब्बूंनी आणि मुलाने मिळून ठरवावं. त्यानंतर कुणाचा फोन आला म्हणून पुन्हा धावपळ नको.

थांबायचं ठरलं तर चार-पाच महिने रिकामे जाऊ देऊ नयेत. शिकवणं इंग्रजीत असलं तरी वॉर्डातला पेशंट रशियन, जॉर्जियन नाहीतर बांगला बोलतो. त्या भाषेची अक्षरं आणि रोजची शंभर-दोनशे वाक्यं इथूनच शिकून गेलेलं मूल तिसऱ्या वर्षी पुढे असतं. आणि निघाल्यावर पासपोर्टवरच्या प्रवेशाच्या शिक्क्याची, पहिल्या बोर्डिंग पासची आणि विद्यापीठाच्या रुजू झाल्याच्या पत्राची प्रत नगरच्या घरी फाइलमध्ये ठेवा. सहा वर्षांनी मेडिकल कौन्सिलच्या खिडकीवर शिक्षण प्रत्यक्ष हजर राहून झालं का, हे तपासताना हेच कागद मागितले जातात.