१९२० चा अंतिम सामना, १९२२ साली

फ्रँक बर्क या आयरिश खेळाडूच्या नावावर राष्ट्रीय अजिंक्यपदाची पाच पदकं आहेत. हर्लिंगची दोन, १९१७ आणि १९२० ची. गेलिक फुटबॉलची तीन, १९२१, १९२२ आणि १९२३ ची. पाचही डब्लिनकडून. यादी वाचून वाटतं, कशी एकामागून एक पदकं मिळवलीत गड्यानं! आता सामन्यांच्या तारखा पाहा. १९२० च्या हर्लिंगचा अंतिम सामना झाला १४ मे १९२२ रोजी. फुटबॉलमधला १९२१ चा अंतिम सामना जून १९२३ मध्ये, १९२२ चा त्याच वर्षी ऑक्टोबरात आणि १९२३ चा सप्टेंबर १९२४ मध्ये. तीन वर्षांची अजिंक्यपदं जेमतेम पंधरा महिन्यांत उरकली! मधल्या काळात देश पेटलेला होता, आणि खेळाचं वेळापत्रक त्याच्यामागून फरफटत चाललं होतं.

आधी खेळाबद्दल थोडं. हर्लिंग दिसतं हॉकीसारखं, पण इथे चेंडू जमिनीवरच राहत नाही. ॲशच्या लाकडाची, टोकाला रुंद होत गेलेली काठी म्हणजे हर्ली. तिच्या पात्यावर चामड्याचा लहानसा चेंडू तोलत खेळाडू भरधाव पळतो, हवेतला चेंडू हातानं झेलतो आणि पुढच्याच क्षणी दूरवर टोलवतो. बर्कच्या काळात हे सगळं शिरस्त्राणाशिवाय चाले. गोलखांब इंग्रजी एच अक्षरासारखे. आडव्या दांडीखालून चेंडू गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. वरून गेला तर एक. १८८४ मध्ये थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात गेलिक ॲथलेटिक असोसिएशन स्थापन झाली आणि या जुन्या देशी खेळाला नियम मिळाले. खेळण्याचे पैसे मात्र मिळत नसत. ते आजही मिळत नाहीत.

बर्कचा जन्म १८९५ चा. तो शिकला सेंट एंडाज या शाळेत, आणि तिथेच त्याच्या आयुष्याला वळण लागलं. शाळेचे संस्थापक पॅट्रिक पिअर्स कवी, शिक्षणतज्ज्ञ आणि पुढे बंडाचे नेते. आयरिश भाषा, आयरिश दंतकथा आणि हर्लिंग हे तिन्ही त्यांच्या शिक्षणात एकजीव होते. दंतकथांमधला कूहुलिन हा वीर लहानपणी हर्लीच्या एका फटक्यानं चेंडू थेट दांडग्या कुत्र्याच्या घशात घालून त्याला मारतो. या शाळेत त्या पोराचं चित्र भिंतीवर लावलेलं होतं. मुलांना रोज कोणता आदर्श दिसत होता, हे वेगळं सांगायला नको.

एप्रिल १९१६ मध्ये ब्रिटिश राजवटीविरुद्ध ईस्टरचं बंड झालं. शाळेचे माजी विद्यार्थी, शाळा होती त्या रॅथफार्नमहून, चक्क ट्राममध्ये बसून बंडाला निघाले! त्यांत बर्क होता. तो डब्लिनच्या मुख्य टपाल कार्यालयात लढला. बंड मोडलं, ३ मे रोजी पिअर्स यांना गोळ्या घालण्यात आल्या, बर्क कैदेत गेला. आणि बंडानंतर दीडच वर्षानं, २८ ऑक्टोबर १९१७ ला, हाच पोरगा डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर हर्लिंगचा अंतिम सामना खेळत होता. डब्लिननं टिपररीला ५-४ विरुद्ध ४-२ असं हरवलं. यातला पहिला आकडा गोलांचा, दुसरा सुट्या गुणांचा. म्हणजे १९ विरुद्ध १४.

त्याच मैदानावर, स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, २१ नोव्हेंबर १९२० ला डब्लिन आणि टिपररी यांचा फुटबॉलचा सामना होता. त्या सकाळी क्रांतिकारकांनी शहरात ब्रिटिश गुप्तहेरांना ठार केलं होतं. दुपारी सामना सुरू होऊन काही मिनिटं होताहेत तोच सरकारी दलं मैदानात घुसली आणि गर्दीवर गोळीबार झाला. दीडेक मिनिट. चौदा जण मेले. त्यांत दहा-अकरा वर्षांची मुलं होती, आणि टिपररीचा बचावपटू मायकल होगन. होगन त्या दिवशी ज्याला रोखायला उभा होता, तो डब्लिनचा आघाडीवीर म्हणजे फ्रँक बर्क.

एवढं झाल्यावर १९२० ची हर्लिंग स्पर्धा वेळेवर कशी पुरी होणार? ती दोन वर्षं रेंगाळली. मे १९२२ मध्ये डब्लिननं कॉर्कला ४-९ विरुद्ध ४-३ असं नमवलं आणि बर्कला हर्लिंगचं दुसरं पदक मिळालं. सहाच आठवड्यांनी त्याच शहरात यादवी युद्धाच्या तोफा सुरू झाल्या. युद्ध थांबल्यावरही कटुता थांबली नाही: फुटबॉलच्या १९२३ च्या अंतिम फेरीतला केरी संघ १९२४ मध्ये काही काळ घरीच राहिला, कारण युद्धात हरलेल्या बाजूचे प्रजासत्ताकवादी कैदी तुरुंगात असताना आम्ही खेळणार नाही, असं खेळाडूंनी ठणकावलं. १९२३ चा अंतिम सामना १९२४ च्या सप्टेंबरवर गेला तो यामुळे. तोही डब्लिननंच जिंकला.

दोन खेळांत राष्ट्रीय पदकं मिळवणारे आयर्लंडमध्ये आणखीही आहेत. पण पदकांच्या मधल्या जागेत बंड, तुरुंग आणि मैदानावरचा गोळीबार असलेला खेळाडू मला तरी दुसरा आठवत नाही. बर्क पुढे पिअर्स यांच्याच शाळेचा मुख्याध्यापक झाला. ती १९३५ मध्ये बंद पडली. तो स्वतः १९८७ पर्यंत जगला. क्रोक पार्कमधल्या एका मोठ्या स्टँडला होगनचं नाव आहे.