फळीतला माणूस

जगाची मैदानं : भाग ९

अमेरिकन फुटबॉलमध्ये पाच खेळाडू असे असतात की त्यांतल्या चौघांच्या हाताला सामनाभर चेंडू लागत नाही, आणि पाचवा तो उचलतो तो मागच्याला देण्यापुरताच. त्यांच्या नावावर गुण लागत नाहीत, धावलेलं अंतर लागत नाही. तरीही ज्या संघाची ही पाच जणांची फळी कच्ची, तो संघ कितीही मोठ्या नावांचा असला तरी हरतो. मागच्या भागात आपण रग्बी पाहिलं. त्यातूनच फुटून अमेरिकेत वाढलेल्या या खेळाची ओळख मी मुद्दाम या फळीकडून करून देतो आहे. त्यासाठी निवडलेला माणूस आहे जेसी सापोलू. सामोआ बेटांवर जन्मलेला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनाइनर्स संघाकडून सगळी कारकीर्द खेळलेला.

आधी खेळ. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा जण, मैदान शंभर यार्डांचं, म्हणजे साधारण एक्क्याण्णव मीटर. चेंडू ज्याच्याकडे आहे त्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्याकडे जातो. प्रत्येक प्रयत्नाच्या सुरुवातीला दोन फळ्या समोरासमोर वाकून उभ्या राहतात. मधला खेळाडू, म्हणजे सेंटर, जमिनीवरचा चेंडू आपल्या दोन पायांमधून मागे क्वार्टरबॅकच्या हातात देतो. तिथून पुढचे दोन-तीन सेकंद हाच खरा खेळ. क्वार्टरबॅक कुणाकडे फेकायचं ते शोधत असतो आणि समोरचे चार-पाच दांडगे गडी त्याला आडवा करायला धावून येत असतात. त्यांना थोपवायचं काम फळीचं : मध्ये सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवलं तर दहा यार्डांचा दंड. चेंडू निघायच्या आधी हललात तर पाच यार्डांचा. फेक होण्याआधी फार पुढे गेलात तरी दंड. एवढी बंधनं पाळून समोरच्या सव्वाशे-दीडशे किलोच्या माणसाला हातांच्या रेट्यानं आणि पायांच्या ठेवणीनं अडवून धरायचं.

जुन्नर-आंबेगावात हे समजून घ्यायला कबड्डी पुरेशी आहे. यात्रेतल्या रात्रीच्या सामन्यांत चढाई करणाऱ्या पोराचं नाव माइकवरून गावभर होतं. कोपऱ्यातल्यानं घोटा धरला तर त्याचंही होतं. पण शेजाऱ्याचा हात धरून साखळीत उभा असलेला, चढाईपटूला आत येऊच न देणारा, त्याची परतीची वाट आपल्या नुसत्या उभं राहण्यानं अरुंद करणारा मध्यरक्षक मात्र गुणपत्रकात दिसत नाही. कबड्डीत त्यालाही कधीतरी पकडीचा गुण मिळतो. अमेरिकन फुटबॉलच्या फळीवाल्याला सहसा तोही मिळत नाही. त्याचं नाव पुकारलं जातं ते चूक झाली तरच. (हा खेळ आपल्यापासून अगदीच लांब नव्हता. २०१२ साली भारतात त्याची लीग निघाली. तिच्यात पुणे मराठाज नावाचा संघ होता. सामने श्रीलंकेत झाले आणि पहिलं विजेतेपद पुण्याच्याच संघानं घेतलं. पुढे ती लीग रुजली नाही.)

सापोलूचा जन्म १० मार्च १९६१ चा, आपिया गावचा. तेव्हा पश्चिम सामोआ न्यूझीलंडच्या कारभाराखाली होता. पुढच्या वर्षी, १९६२ मध्ये, तो स्वतंत्र झाला. शेजारचा अमेरिकन सामोआ वेगळा. तो १९०० पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे, आणि तिथे जन्मलेला माणूस अमेरिकेचा 'राष्ट्रीय' गणला जातो, जन्मानं नागरिक मात्र होत नाही. सापोलू लहानपणीच हवाईत आला. होनोलुलूच्या फॅरिंग्टन हायस्कूलमध्ये आणि मग हवाई विद्यापीठात खेळला. संघ नवे खेळाडू दरवर्षी फेऱ्याफेऱ्यांनी निवडतात; १९८३ च्या त्या निवडीत बारा फेऱ्या होत्या. फोर्टीनाइनर्सनं त्याला अकराव्या फेरीत उचललं, एकूण २८९ वा. इतक्या मागे घेतलेल्या पोराकडून कुणी फारशी अपेक्षा ठेवत नाही. पहिला हंगाम तो खेळला आणि पुढचे तीन हंगाम पायाच्या दुखापतींनी जवळजवळ पूर्ण खाल्ले. १९८४ च्या हंगामात संघानं सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकला. विजेत्यांची अंगठी जखमी सापोलूलाही मिळाली, पण मैदानावर तो नव्हता. अशा माणसाला बहुतेक संघ नारळ देतात. त्याला ठेवून घेतलं गेलं आणि १९८७ पासून तो फळीत पक्का झाला.

ठेवून घेण्यामागे एक विचार होता, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. फोर्टीनाइनर्सचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांचा खेळ आखूड, झटपट फेकींचा. फळीचे प्रशिक्षक बॉब मॅकिट्रिक यांना त्यासाठी नुसती अवजड माणसं नको होती. त्यांना चपळ, हलक्या पायांची, डोकं वापरणारी माणसं हवी होती. सापोलू साधारण सव्वाशे किलोचा, सहा फूट चार इंचांचा. आपल्याला हे वजन प्रचंड वाटेल, पण फळीच्या हिशोबानं तो हलकाच. मॅकिट्रिकची फळी समोरच्याच्या छातीला भिडत बसत नसे. ती खाली झेपावून त्याचे पाय अडवी. प्रतिस्पर्धी संघ त्याबद्दल कायम तक्रार करत, पण तेव्हाच्या नियमांत ते बसत होतं.

आता एक प्रसंग जवळून पाहू. २२ जानेवारी १९८९, मायामी, तेविसावा सुपर बोल. सिनसिनाटी बेंगल्स १६–१३ असे पुढे. सामना संपायला तीन मिनिटांच्या वर थोडाच वेळ उरलेला आणि फोर्टीनाइनर्सकडे चेंडू आला तो स्वतःच्या आठ यार्डांच्या रेषेवर. समोर ब्याण्णव यार्ड. क्वार्टरबॅक जो मोंटाना, डाव्या गार्डच्या जागी सापोलू, सेंटरला रँडी क्रॉस. क्रॉसचा हा शेवटचा सामना होता. एकेक फेक होत गेली आणि संघ मैदान ओलांडत बेंगल्सच्या हद्दीत शिरला. तिथे क्रॉस फेकीआधी पुढे सरकला आणि दंड झाला. दहा यार्ड मागे. पंचानं माइकवरून घोषणा केली, आणि त्या अखेरच्या चढाईत फळीतल्या माणसाचा जाहीर उल्लेख झाला तो तेवढाच. पुढच्या प्रयत्नाला पाचही जणांनी मोंटानाला हवा तेवढा वेळ मिळवून दिला. त्यानं जेरी राइसला गाठलं आणि सत्तावीस यार्ड मिळाले. आणखी एका फेकीनंतर चौतीस सेकंद उरले असताना जॉन टेलरनं गोलरेषेपलीकडे चेंडू झेलला, म्हणजे टचडाउन झाला, आणि सामना २०–१६ असा फिरला. त्या चढाईची चित्रफीत आजही सहज पाहायला मिळते. बघाल तेव्हा एकदा चेंडूवरची नजर काढून मोंटानाच्या समोरच्या पाच पाठींकडे बघा. प्रत्येक फेकीच्या क्षणी त्याच्याभोवती थोडी मोकळी जागा दिसते. ती या पाच जणांनी केलेली असते.

क्रॉस निवृत्त झाला आणि १९८९ पासून सापोलू सेंटर झाला. ही जागा बदलणं सोपं नाही. सेंटरला चेंडू द्यायचा असतो आणि त्याच क्षणी अंगावर येणाऱ्याला अडवायचंही असतं. शिवाय समोरच्यांची मांडणी बघून बाकी चौघांना कोण कुणाला घेणार ते तोच सांगतो. त्या हंगामाचा सुपर बोल फोर्टीनाइनर्सनं डेन्व्हरला ५५–१० असं धुऊन जिंकला. १९९४ मध्ये संघानं बार्ट ओट्स हा दुसरा नावाजलेला सेंटर आणला, तेव्हा सापोलू पुन्हा गार्डच्या जागी गेला. १९९३ ला सेंटर म्हणून आणि १९९४ ला गार्ड म्हणून, असा दोन वेगवेगळ्या जागांवरून तो प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. जानेवारी १९९५ मध्ये सॅन दिएगोला ४९–२६ असं हरवून त्याची चौथी अंगठी आली. स्टीव्ह यंगनं त्या सामन्यात सहा टचडाउनच्या फेकी केल्या. मोंटाना आणि यंग हे दोघंही आज दंतकथा झालेत. दोघांच्याही पुढे उभा राहिलेला सापोलू तितका माहीत नाही. हा अन्याय आहे असं मी स्पष्ट म्हणतो.

सॅन दिएगोविरुद्धच्या त्या सामन्यात समोरच्या बाजूला ज्युनियर सिआऊ होता. तोही सामोअन वंशाचा, बचावफळीमागचा धडाडीचा खेळाडू. इतक्या छोट्या बेटांवरून इतके खेळाडू कसे येतात, हा प्रश्न इथे येतोच. अमेरिकन सामोआची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत पन्नास हजाराच्या आसपास होती. सामोअन वंशाचा पहिला व्यावसायिक खेळाडू अल लोलोताई. तोही फळीतलाच गार्ड, १९४५ मध्ये वॉशिंग्टनकडून खेळला आणि पुढे आलो लेलानी या नावानं कुस्त्याही लढला. तेव्हापासून ही रांग थांबलेली नाही.

'ती माणसंच तशी धिप्पाड' हे उत्तर मला पटत नाही. धिप्पाड माणसं जगात इतरत्रही आहेत. सामोअन घरात मुलगा लहानपणापासून थोरांची सेवा करतो, चर्चच्या आणि मोठ्या कुटुंबाच्या कामाला जुंपलेला असतो, आणि घरचा प्रमुख व्हायचं तर आधी सेवा करून दाखवावी लागते. दुसऱ्यासाठी अंग झिजवणं आणि त्याबद्दल न बोलणं ही फळीची शिस्त त्याच्या अंगवळणी पडलेली असते. दुसरं कारण पोटाचं. अमेरिकन सामोआत टुना माशाचा कारखाना, सरकारी नोकरी आणि अमेरिकी लष्करभरती सोडली तर फार वाटा नाहीत. फुटबॉलची शिष्यवृत्ती ही बेटाबाहेर काढणारी एक वाट आहे. तालमीतून आणि कबड्डीच्या संघातून पोलीस किंवा सैन्यभरतीकडे बघणारी पोरं आपल्याही तालुक्यांत आहेत, त्यांच्या घरच्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आजच्या पिढीचं नाव पेनेई स्यूएल. अमेरिकन सामोआतल्या मलाएइमी गावचा, २००० सालचा जन्म, २०१२ मध्ये कुटुंबासह युटा राज्यात आला. ओरेगन विद्यापीठात असताना फळीच्या खेळाडूंना मिळणारी आउटलँड ट्रॉफी त्यानं जिंकली. २०२१ मध्ये डेट्रॉइट लायन्सनं त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं. वजन दीडशे किलोच्या वर आणि तरी पळायला हलका. २०२४ च्या एप्रिलमध्ये चार वर्षांसाठी अकरा कोटी वीस लाख डॉलरचा करार झाला. तेव्हा फळीतल्या खेळाडूला मिळालेला तो वर्षाच्या सरासरीनं सर्वांत मोठा मोबदला होता. २८९ व्या क्रमांकावरच्या सापोलूपासून इथपर्यंत या कामाची किंमत निदान पैशात तरी मान्य झाली.

पण शरीराची किंमतही सांगितली पाहिजे. ज्युनियर सिआऊनं २ मे २०१२ रोजी त्रेचाळिसाव्या वर्षी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्याच्या मेंदूची तपासणी झाली तेव्हा डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांनी होणारा आजार आढळला. अमेरिकन सामोआत लठ्ठपणा आणि मधुमेह यांचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांमध्ये मोडतं. वजनावर कमावणाऱ्या खेळाची ही दुसरी बाजू आहे.

आणि सापोलूचं हृदय. लहानपणी त्याला संधिवाताचा ताप आला होता. त्यानं हृदयाची झडप बिघडवली होती. गळक्या झडपेसह तो वर्षानुवर्षं समोरच्या दांडग्यांना रेटत राहिला. १९९६ चा हंगाम संपल्यावर छाती उघडून शस्त्रक्रिया झाली, आणि १९९७ मध्ये तो पुन्हा फळीत उभा राहिला. तो त्याचा शेवटचा हंगाम. पुढे २०१३ मध्ये त्यानं आणि मा'आ तनुवासा या दुसऱ्या माजी खेळाडूनं मिळून पॉलिनेशियन खेळाडूंच्या गौरवासाठी हॉल ऑफ फेम उभं केलं. आपल्या माणसांचा सन्मान आपणच केला पाहिजे, हे त्यानं प्रत्यक्ष करून दाखवलं.

सापोलूच्या जिद्दीचं कौतुक करताना एक गोष्ट मी विसरू देणार नाही. संधिवाताचा ताप हा आजार टाळता येतो. त्याची सुरुवात घशाच्या एका जंतुसंसर्गानं होते. पाच ते पंधरा वयाच्या मुलाचा घसा दुखतो, ताप येतो, घरी काढा देऊन वेळ निघते. दोन-चार आठवड्यांनी गुडघा सुजतो, तो उतरला की घोटा, मग कोपर. मग सगळं आपोआप बरं होतं आणि घरचे निर्धास्त होतात. झडपेची इजा मात्र मागे राहू शकते. दाटीवाटीनं राहणाऱ्या गरीब घरांत हा आजार जास्त दिसतो. भारतात तो अजून संपलेला नाही. घसा दुखतो तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलेली पेनिसिलिनची औषधं पूर्ण दिवस घेतली तर पुढचं सगळं टळतं. झडपेला इजा झालेल्यांना तीन-चार आठवड्यांनी एक इंजेक्शन अनेक वर्षं घ्यावं लागतं.

म्हणून या भागाच्या शेवटी पश्चिम पट्ट्यातल्या आश्रमशाळांपासून नारायणगाव-मंचरच्या शाळांपर्यंतच्या सगळ्या शिक्षकांना आणि क्रीडाशिक्षकांना, आणि घरोघरच्या आई-वडिलांना एक विनंती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा संघातली धडधाकट पोरंही रांगेत उभी करा. 'त्याला काय झालंय' म्हणून त्यांना वगळू नका. या आजाराची तपासणी त्या कार्यक्रमात धरलेली आहे. सांधे आळीपाळीनं सुजणारं, थोडं पळून धाप लागणारं मूल दिसलं तर मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा घोडेगाव, जुन्नरच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. डॉक्टरांनी इंजेक्शन सुरू केलं असेल तर यात्रेच्या गडबडीतही त्याची तारीख चुकवू नका.