खरखर कोठून येते?

आमचा धंदा कामगार संघटनेचा. शाळेची पायरी आम्ही लवकर उतरलो. यंत्रांविषयी जे काही थोडेबहुत कळते, ते उघडून पाहून आणि जाणत्यांना विचारून कळले आहे. तेव्हा आज जे सांगावयाचे ते अनुभवाचे आहे, आणि त्या अनुभवात आमची फजितीही आहे.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला मोठा पूर आला, हे आपण सर्वांनी पाहिले. वीज आणि मोबाईल दोन्ही बंद पडले तर नदीकाठच्या माणसाला बातमी कशी कळावी, हा विचार तेव्हापासून आमच्या मनात घर करून होता. पुढे एका तरुण मित्राने आमच्या कचेरीत एक स्कॅनर आणून बसविला. स्कॅनर म्हणजे लहरी एकामागून एक आपोआप चाळीत जाणारा रेडिओ. हा मित्र परवानाधारक हौशी रेडिओवाला आहे. हा परवाना केंद्र सरकारचे संचार मंत्रालय परीक्षा घेऊन देते. परवान्याचे नियम पाहिल्यावाचून असले संच घेऊ नयेत, आणि पोलिसांची किंवा कोणाची खाजगी बोलणी चोरून ऐकणे तर कायद्यात मुळीच बसत नाही. आम्हांस त्यावर दोनच गोष्टी हव्या होत्या: १९४८ साली सुरू झालेले आकाशवाणीचे नागपूर केंद्र, ज्याचा ५८५ किलोहर्ट्झ हा आकडा जुन्या श्रोत्यांना पाठ आहे, आणि १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमधील हौशी मंडळींचे बोलणे.

पहिले काही दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी नागपूरच्या जागी नुसती घरघर ऐकू येऊ लागली. हौशी मंडळींचे अंकीय, म्हणजे डिजिटल बोलणे तर तुकडे तुकडे होऊन येई. समोरच एक राईस मिल आहे. मोठी मोटर, सैल पट्टा, ठिणग्या. संशयाला आणखी काय हवे? त्यात एका रात्री वीज गेली. संच सेलवर चालू होता, आणि आवाज आरशासारखा स्वच्छ झाला! वीज गेली तशी मिल थांबली. मिल थांबली तशी खरखर थांबली. आम्ही दुसऱ्याच दिवशी मिलमालकांना तक्रारीचे पत्र धाडले. त्यांनी निरोप पाठविला, "तुम्हांला एवढा त्रास होत असेल तर रातपाळी बंद ठेवतो." संध्याकाळी पाच-सहा हमाल कचेरीच्या पायरीवर उभे. त्यांतील वडीलधारे म्हणाले, "भाऊ, तुमच्या रेडिओसाठी आमची मजुरी बुडवता का जी?"

आम्ही निरुत्तर झालो. आमचा तर्क कोठे चुकला होता पाहा. वीज गेली तेव्हा मिल थांबली हे खरे; पण त्याच क्षणी आमच्या कचेरीतील सर्व उपकरणेही थांबली होती. तो पुरावा दोघांनाही सारखाच लागू पडत होता, आणि आम्ही तो एकट्या मिलच्या माथी मारला.

तरुण मित्राला बोलावले. त्याने प्रथम संचाचीच तपासणी घेतली, कारण दोष संचात आहे की बाहेरून येतो, हे आधी ठरवावे लागते. आवाजाची कळ शून्यावर आणूनही गुणगुण राहिली, तर दोष संचाच्या आवाजाच्या भागात किंवा वीजपुरवठ्यात समजावा. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, तिची ही गुणगुण. अडाप्टर काढून सेलवर लावताच ती गेली, तर दोष अडाप्टरचा. कानाला लावायच्या हेडफोनमध्ये शब्द स्वच्छ आणि कर्ण्यातून फाटका, तर कर्णा बिघडलेला. एरियल काढताच खरखर पुष्कळ कमी झाली, तर ती एरियलवाटे आत येते आहे. आमचा संच या सर्व परीक्षांत उत्तीर्ण झाला; म्हणजे उपद्रव बाहेरचा होता.

मग त्याने संच सेलवर ठेवला, समोर मिल धडधडत असताना आमच्याच कचेरीचा मेन स्विच खाली ओढला, आणि नागपूर स्पष्ट बोलू लागले! मिल निर्दोष ठरली. पुढचे काम सोपे होते. सर्व बटणे बंद करून मेन चालू केला आणि एकेक बटण दाबीत गेलो. पंखा निर्दोष, मोबाईलचा चार्जर थोडा दोषी, आणि भिंतीवरची नवी एलईडी ट्यूब लावताच सारी घरघर परत हजर. ही ट्यूब आम्हीच, वर्गणीचे पैसे वाचावेत म्हणून, स्वस्तात आणली होती.

ट्यूबने एवढा गोंधळ का करावा? तिच्या पोटातील लहानसे मंडल वीजप्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडते आणि जोडते. प्रत्येक तोडजोडीच्या झटक्यातून अनेक लहरींवर गोंगाट बाहेर पडतो, आणि घराची वायरिंग त्याला एरियलसारखी पसरविते. चांगला कारखानदार हा गोंगाट अडविण्यासाठी आत गाळणी बसवितो. किंमत पाडण्यासाठी तीच प्रथम गाळली जाते. इन्व्हर्टर, सौरपंपाचे नियंत्रक, पंख्याचे काही रेग्युलेटर यांचाही प्रकार असाच.

अंकीय बोलण्याविषयी एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. जुन्या पद्धतीत लहर क्षीण झाली की खरखर हळूहळू वाढते आणि आपण सावध होतो. अंकीय पद्धतीत शब्दांचे आकडे करून पाठवितात, आणि सोबत तपासणीचे जादा आकडे असतात. थोड्या चुका संच स्वतःच दुरुस्त करतो. त्यामुळे गोंगाट वाढत असूनही शब्द स्वच्छ राहतो, आणि मर्यादा ओलांडताच एकदम तुटतो. विहिरीच्या काठापर्यंत जमीन सपाट असावी, तसे हे आहे. लोकांना वाटते लहर कमजोर आहे. ते मोठे एरियल आणतात आणि त्याबरोबर गोंगाटही जास्त आणतात. आधी एरियल घरातील उपकरणांपासून दूर न्यावे. जवळच जबरदस्त प्रक्षेपक असेल तर संचाची ग्रहणशक्ती उलट कमी करून पाहावी. आणि स्क्वेल्च नावाची कळ, जी नुसत्या खरखरीला आत येऊ देत नाही, ती खरखर जेमतेम थांबेल तेथेच ठेवावी. फार आवळली तर दुबळा शब्दही बाहेरच राहतो.

आमच्यासारखी चूक थोरांचीही झाली आहे. अमेरिकेत बेल कंपनीने कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्याला समुद्रापारच्या रेडिओ-टेलिफोनमधील खरखरीचा शोध घेण्यास सांगितले. त्याने फिरते एरियल उभारले. जवळची वादळे आणि दूरची वादळे वेगळी काढल्यावर एक मंद सूर उरला. तो सूर्याचा असावा असे त्याला प्रथम वाटले. पण तो रोज चार मिनिटे आधी येई. २३ तास ५६ मिनिटांनी परत येणारी वस्तू सूर्य नव्हे, तारा. १९३३ मध्ये त्याने जाहीर केले की हा सूर आकाशगंगेच्या मध्याकडून येतो. त्यातून जे शास्त्र जन्मले, त्याची मोठी दुर्बीण आज आपल्याच महाराष्ट्रात, नारायणगावजवळ खोडद येथे आहे: ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. ती जागा निवडताना तेथे माणसाने केलेला रेडिओ-गोंगाट कमी आहे, हेही पाहिले गेले होते.

आपला मेन बंद करूनही खरखर राहिली, तर मात्र बाहेर शोधावे. लहान ट्रान्झिस्टर मध्यम लहरींवर लावून हातात फिरवावा. त्याच्या आतील कांडीचे टोक उगमाकडे वळले की खरखर दबते. विजेच्या खांबापाशी ती वाढत असेल, तर खांबाला हात लावू नये. वीज कंपनीला खांबाचा क्रमांक कळवावा. रेल्वेच्या वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात, तिच्या आसपास एरियल नेऊच नये.

ट्यूब आम्ही बदलली. मिलमालकांकडे स्वतः जाऊन माफी मागितली, आणि रातपाळी चालू राहिली. हमालांकडेही गेलो, ते वडीलधारे हसले आणि म्हणाले, "भाऊ, आधी घरचं बटण बंद करून पाहत जा जी."

पावसाळा फार दूर नाही. आपल्या घरी रेडिओ असेल तर एका संध्याकाळी नवे सेल घालून, मेन बंद करून आणि पुन्हा चालू करून तो ऐकून ठेवावा. दोन्ही वेळच्या आवाजात फरक दिसला, तर कोणाला पत्र धाडण्यापूर्वी घरातील एकेक बटण तपासावे.