निसर्गसंपत्तीचे विद्यार्थी आणि त्यांच्या उपजीविकेच्या वाटा

नाशिक जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे निघालेल्या प्रवाशास एकाच दिवसात दोन निराळे मुलूख दिसतात. इगतपुरीकडे वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. येवले-नांदगावकडे तो ५०० च्या आसपास येऊन ठेपतो. अशा जिल्ह्यातील मुलगा अथवा मुलगी भूशास्त्र, वनविद्या किंवा मृदाशास्त्र शिकू लागली, की घरची वडील मंडळी विचारतात, या विद्येवर पोट कसे भरावयाचे? प्रश्न रास्त आहे व त्याचे उत्तरही नीट द्यावयास हवे.

पहिली वाट अरण्याची. डेहराडून येथे १८७८ साली वनविद्येची शाळा निघाली. आजची भारतीय वनसेवा १९६६ सालची. विज्ञान, कृषी, वनविद्या वा अभियांत्रिकी यांतील योग्य विषयांच्या पदवीधरास तिच्या परीक्षेस बसता येते. मात्र नुसत्या पाठांतराने तेथे भागत नाही. पुरुष उमेदवारास चार तासांत २५ किलोमीटर व स्त्री उमेदवारास १४ किलोमीटर चालून दाखवावे लागते. राज्याच्या वनखात्यात वनक्षेत्रपालापासून वनरक्षकापर्यंत पदे आहेत. वनरक्षकाचे पद लहान मानले जाते; पण वणवा लागला असता प्रथम धावावे लागते ते त्यासच. वनविद्येची पदवी दापोली व अकोला येथे घेता येते.

दुसरी वाट भूमीच्या पोटातील पाण्याची. नाशिकखालचा काळा खडक स्वतः पाणी धरीत नाही. पाणी असते ते त्याच्या भेगांत व झिजलेल्या मुरमाच्या थरात. म्हणूनच एका शेतात विहिरीस पाणी लागते आणि बांधापलीकडची कोरडी जाते. हातावर नारळ धरून पाणी दाखविणाऱ्याचा अंदाज चुकला, तरी विहिरीपायी काढलेले कर्ज चुकत नाही. येथे भूशास्त्रज्ञाची खरी गरज आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. १८५१ साली स्थापन झालेले भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण व केंद्रीय भूजल मंडळ यांतील जागांसाठी केंद्रीय लोकसेवा आयोग निराळी परीक्षा घेतो; तीस या विषयातील एम्. एस्सी. लागते.

तिसरी वाट धरणांची व मातीची. नाशिकातच १९५९ पासून महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. धरणांची माती, बांधकामाचे साहित्य व जलाशयांतील गाळ यांची परीक्षा हे तिचे काम. मृदाशास्त्र व कृषी शिकणाऱ्यास राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ जवळचे आहे.

परंतु सरकारी जागा थोड्या आणि उमेदवार फार. यासाठी चौथी वाट नीट पाहिली पाहिजे, आणि ती दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या कालव्यावर दिसते. ओझरचे शेतकरी या कालव्याच्या शेवटच्या टोकाशी. त्यांच्या वाट्याचे पाणी वरच्यावरच संपे. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये व भरत कावळे यांनी १९९० च्या सुमारास शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभारण्याचे काम हाती घेतले. पाणी मोजून घ्यावयाचे, पट्टी आपणच गोळा करावयाची आणि वाटप सभासदांनीच ठरवावयाचे, अशी रीत पडली व टोकाच्या शेतापर्यंत पाणी पोहोचले. पुढे २००५ साली शेतकऱ्यांच्या सिंचन-व्यवस्थापनाचा कायदाही राज्यात झाला.

या उदाहरणाचा बोध विद्यार्थ्याने मनात धरावा. तेथे नवा शोध लागला नव्हता. मोजमाप होते, हिशेब होता, आणि तो हिशेब भांडणाऱ्या दोन बांधांना पटवून देणारी माणसे होती. पाणीवापर संस्था, शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या व पाणलोटाची कामे करणाऱ्या संस्था यांना असाच माणूस हवा असतो.

अभ्यासक्रम चालू असतानाच विद्यार्थ्याने आपल्या गावचा पाऊस रोज टिपावा, चार विहिरींची पातळी दर महिन्यास मोजावी व ती वही जपून ठेवावी. तीन-चार वर्षांनी हाती पदवी येईल, तेव्हा तिच्याबरोबर गावाच्या पाण्याचा खरा हिशेबही असेल. नोकरी मिळेल तेथे तो उपयोगी पडेल, आणि मिळण्यास विलंब लागला तरी गावास तो त्याच दिवसापासून लागणार आहे.