घरांत बिनतारी राउटर बसवितांना घ्यावयाची खबरदारी

ऑक्टोबर २०११ मध्यें केंद्र सरकारनें देशांतील सुमारें अडीच लक्ष ग्रामपंचायती कांचतंतूच्या तारेनें जोडण्याची योजना मंजूर केली. तीच पुढें भारतनेट ह्या नांवानें ओळखली जाऊं लागली. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकांची नोंद खातेदारानें स्वतः मोबाइलवरून करावयाची ई-पीक पाहणीची पद्धत आपल्या राज्यांत सुरू झाली. सातबाराचा उतारा, पीकविम्याचा अर्ज, बाजारभाव आणि बँकेंतील खातें हीं सर्व कामें आतां घरबसल्या होऊं शकतात. त्यामुळें बुलढाणा जिल्ह्यांत घाटावर काय किंवा घाटाखालीं काय, ज्या घरांत इंटरनेटची जोडणी आली तेथें राउटर नांवाची लहानशी पेटीहि आली. ही पेटी बसविणारा मनुष्य अर्ध्या तासांत काम उरकून जातो. पुढील जबाबदारी मात्र ज्याच्या नांवें जोडणी असते त्याच्यावर राहते. सबब ह्या बाबतींत काय काळजी घ्यावी तें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

राउटरचें काम पाटकऱ्यासारखें आहे. बाहेरच्या तारेनें आलेले संदेश तो घेतो आणि घरांतील ज्या यंत्राचा जो वांटा असेल तो त्यास बिनतारी लहरींनीं पोंचवितो. ह्या लहरी बहुधा दोन प्रकारच्या असतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर अधिक दूर जाते; ५ गिगाहर्ट्झची वेगवान असते, परंतु भिंती आड आल्या कीं लवकर क्षीण होते. धाब्याच्या घरांतील जाड मातीच्या भिंती दोन्ही लहरी शोषून घेतात, आणि भिंतींत ओल असली तर अधिकच. टिनाचा पत्रा किंवा लोखंडी कपाट ह्यांवर आदळून त्या मागें फिरतात. यास्तव राउटर घराच्या मध्यभागीं, पांच-सहा फूट उंचीवर, मोकळ्या फळीवर ठेवावा. तो कपाटांत ठेवूं नये, त्यावर कापड झांकूं नये, आणि चुलीचा धूर किंवा धान्याची धूळ लागेल अशा जागीं लावूं नये. रस्त्याकडील खिडकींत ठेवल्यास त्याच्या लहरी रस्त्यावरच अधिक जातात.

कांचतंतूची तार आणतांना तिला मनगटाच्या घेरापेक्षां लहान वळण देऊं नये. तिच्या तुटलेल्या टोंकाची कुसळ कातडींत शिरते. म्हणून तुकडे मुलांच्या हातीं पडूं देऊं नयेत. उघड्या टोंकास डोळा लावून पाहणें तर कटाक्षानें टाळावें; आंतील प्रकाश डोळ्यांस दिसत नाहीं, तथापि अपाय करूं शकतो.

विजेविषयीं दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. राउटरसोबत आलेलाच अडॅप्टर लावावा. दुसऱ्या यंत्राचा अडॅप्टर खांचेंत नीट बसला तरी त्याचे व्होल्ट निराळे असूं शकतात. ज्या बोर्डावर पाण्याची मोटर चालते त्यावर राउटर लावूं नये, कारण मोटर सुरू किंवा बंद होतांना विजेचा दाब खालींवर होतो. दुसरी गोष्ट घराच्या अर्थिंगची. आपल्या काळ्या जमिनीस उन्हाळ्यांत भेगा पडतात. अर्थिंगचा खड्डा कोरडा झाला कीं वीज जमिनींत सहज उतरत नाहीं. तेव्हां उन्हाळ्यांत ह्या खड्ड्यांत पाणी घालीत जावें, आणि वर्षांतून एकदां जाणत्या वायरमनकडून तो तपासून घ्यावा.

जेथें तार पोंचली नसेल तेथें छपरावर खांब उभारून तबकडीनें जोडणी घेतात. असा खांब पडला तरी विजेच्या तारांवर पडणार नाहीं इतका दूर असावा. खांबापासून धातूची जाड पट्टी सरळ जमिनींत न्यावी व ती घराच्या अर्थिंगशीं जोडून घ्यावी. वळवाच्या आणि परतीच्या पावसांत आभाळ भरून येऊं लागतांच राउटरचा अडॅप्टर व छपरावरून येणारी तार दोन्ही काढून ठेवावीं. कडकडाट सुरू झाल्यावर मात्र त्यांस हात लावूं नये.

येथवर यंत्राच्या रक्षणाचें झालें. आतां घराच्या रक्षणाचें. राउटरला दोन किल्ल्या असतात. एक लहरींत शिरण्याची, म्हणजे जो पासवर्ड आपण मोबाइलमध्यें घालतों तो. दुसरी राउटरच्या आंतील व्यवस्थेची. पहिली सर्वांस ठाऊक असते. दुसरी बहुधा कारखान्यांतून आली तशीच राहते, आणि पुष्कळ यंत्रांवर ती ‘ॲडमिन’ ह्या एका शब्दाची असते. ही किल्ली ज्याच्या हातीं पडेल तो तुम्हांस बँकेच्या पानाऐवजीं हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर नेऊं शकतो. २०१६ सालीं ‘मिराई’ नांवाच्या घातक प्रणालीनें अशा कारखानी पासवर्डांचे सुमारें ६० जोड लावून पाहून जगभरचे लक्षावधि कॅमेरे व राउटर ताब्यांत घेतले. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत तिच्या एका नव्या प्रकाराच्या हल्ल्यानें जर्मनींत सुमारें ९ लक्ष ग्राहकांची जोडणी विस्कळीत झाली.

म्हणून बसविणारा मनुष्य गेल्यावर त्याच दिवशीं पुढील कामें करावीं. राउटरच्या मागील चिठ्ठीवर १९२.१६८.१.१ सारखा पत्ता असतो. तो मोबाइलच्या ब्राउझरमध्यें टाकला कीं व्यवस्थेचें पान उघडतें. तेथें प्रथम व्यवस्थेचा पासवर्ड बदलावा, मग लहरींचा. दोन्ही निरनिराळे असावेत. गट क्रमांक, मोबाइलचा आंकडा किंवा मुलाचें नांव हें साऱ्या गांवास ठाऊक असतें. त्यापेक्षां एकमेकांशीं संबंध नसलेले चार शब्द घ्यावेत, आणि ते कागदावर लिहून सातबाराच्या दप्तरांत ठेवावेत. कुलुपाचा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा असल्यास डब्ल्यूपीए-३ निवडावा. डब्ल्यूईपी हें जुनें कुलूप २००१ सालींच फुटलें आहे. डब्ल्यूपीएस ही बटनानें किंवा आठ आंकड्यांनीं जोडण्याची सोय बंद करावी. त्या आठ आंकड्यांचें कुलूप फार तर ११,००० प्रयत्नांत उघडतें असें २०११ सालीं दाखविलें गेलें. बाहेरून राउटर चालविण्याची सोय बंद ठेवावी, आणि नवी सुधारणा आली आहे काय हें दोन-तीन महिन्यांनीं पाहावें.

आमच्या खेड्यांत कोण चोर येतो, असें कोणी म्हणेल. त्यांस आम्ही एक घडलेली हकीकत सांगतों. २६ जुलै २००८ रोजीं अहमदाबादेंत बाँबस्फोट होण्याच्या कांहीं मिनिटें आधीं वृत्तवाहिन्यांस धमकीचें ई-पत्र आलें. पोलिसांचा माग नवी मुंबईंतील एका परदेशी रहिवाशाच्या घरापर्यंत पोंचला. त्या गृहस्थाच्या राउटरला कुलूप नव्हतें; तिऱ्हाइतानें त्या लहरींतून पत्र धाडलें होतें. परंतु यंत्रें जप्त झालीं आणि चौकशी झाली ती त्या गृहस्थाचीच. पुढें ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांतील अशींच पत्रें माटुंगा व चेंबूर येथील परक्यांच्या जोडण्यांवरून गेल्याचें उघड झालें. कोणत्या जोडणीवरून पत्र गेलें एवढेंच कागदोपत्रीं दिसतें. पाठविणाऱ्याचा हात कोणाचा होता तें दिसत नाहीं.

तरी शेजाऱ्याच्या मुलानें परीक्षेच्या अर्जासाठीं पासवर्ड मागितला असतां नाहीं म्हणणें आपणांस जड जातें, आणि तसें म्हणावें असें आमचेंहि मत नाहीं. पुष्कळ राउटरांत पाहुण्यांसाठीं निराळें जाळें उघडण्याची सोय असते. तिचें नांव व पासवर्ड वेगळा ठेवावा, आणि तो दर महिन्यास बदलावा. पाहुण्यास इंटरनेट मिळतें, परंतु घरांतील संगणक, कॅमेरा व राउटरची व्यवस्था ह्यांपर्यंत त्यास सहसा जातां येत नाहीं. मात्र तेथून झालेल्या व्यवहाराचा मागहि आपल्याच नांवापर्यंत येतो. म्हणून हा पासवर्ड ओळखीच्या माणसासच द्यावा. आपण दारापुढें पाणपोई घालतों, पण त्यासाठीं स्वयंपाकघराची किल्ली वांटीत नाहीं. राउटरच्या बाबतींतहि हीच रीत ठेवल्यास शेजारधर्म सांभाळला जाईल, आणि आपलें नांव व पैसाहि सुरक्षित राहील.