विक्रोळीचा ‘ळ’ आणि व्होकोडर

१९८२ साली एचएमव्हीने ‘सिन्थेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ नावाची ध्वनिमुद्रिका काढली. मुंबईच्या सिनेसंगीतात गिटारवादक म्हणून हयात घालवलेल्या चरणजित सिंग यांनी तिच्यासाठी रोलँड कंपनीची तीन यंत्रं वापरली होती. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीबी-३०३ हे बेसचं यंत्र आणि टीआर-८०८ हे तालाचं. भैरवाच्या तुकड्यात शिवाचा नामजप ऐकू येतो, तो मोकळ्या गळ्याचा नाही, यंत्रातून गाळून आलेला आहे. तेव्हा ही रेकॉर्ड खपली नाही. २०१० साली ती नव्याने निघाली आणि पाश्चात्त्य संगीतप्रेमींना धक्काच बसला, कारण अशाच आवाजाच्या ‘ॲसिड हाउस’ संगीताची सुरुवात मानल्या जाणाऱ्या शिकागोतल्या ‘ॲसिड ट्रॅक्स’चं साल १९८७. मुंबईचं काम पाच वर्षं आधीचं.

यंत्राच्या गळ्याने गाण्याची हौस या शहराला नवी नाही, हे सांगण्यासाठी एवढा दाखला पुरे. पार्ल्याचं दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचं कालिदास इथल्या वाद्यवृंदांत कीबोर्ड केव्हाच स्थिरावला. आता त्याच कीबोर्डवाल्याला एखाद्या गाण्यात स्वतःचा आवाज कॉर्डमधून बोलता करावासा वाटतो. तो व्होकोडर शोधू लागतो आणि पहिलाच घोटाळा नावांचा होतो.

गायिका शेरचं ‘बिलीव्ह’ १९९८ साली गाजलं, तेव्हा निर्मात्यांनी आधी व्होकोडर पेडलचंच नाव पुढे केलं होतं. प्रत्यक्षात ती करामत ऑटोट्यूनची होती. ऑटोट्यून गायकाचाच स्वर ओढून जागेवर बसवतं. टॉकबॉक्समध्ये वाद्याचा आवाज नळीने तोंडात सोडतात. हार्मोनायझर गाणाऱ्याच्या आवाजाच्या वरखाली आणखी स्वर उभे करतो. व्होकोडरमध्ये मात्र गळा फक्त अक्षरं पुरवतो, सूर संपूर्णपणे कीबोर्डचा. ‘बिलीव्ह’सारखं गाणं हवं असलेल्याने व्होकोडर घेतला, तर पैसे फुकट जातील.

मुळात हे यंत्र संगीतासाठी जन्मलंच नाही. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत होमर डडली यांना टेलिफोनच्या तारेवरून बोलणं कमी जागेत पाठवायचं होतं. त्यांनी आवाज गाळण्यांतून वेगवेगळ्या पट्ट्यांत विभागला, प्रत्येक पट्टीत क्षणोक्षणी किती जोर आहे तो मोजला आणि पलीकडे त्या मापांवरून बोलणं पुन्हा घडवलं. दुसऱ्या महायुद्धात याच तत्त्वावर ‘सिगसॅली’ ही गुप्त संभाषणाची यंत्रणा १९४३ साली सुरू झाली. तिचं वजन पन्नास टनांच्या वर होतं. संगीतात हे तंत्र नीट रुजलं ते वेंडी कार्लोस आणि रॉबर्ट मूग यांच्यामुळे, १९७० च्या सुमारास.

मराठीत गाणाऱ्यासाठी या पट्ट्यांची संख्या हा कळीचा मुद्दा आहे, आणि माहितीपत्रकं तो सांगत नाहीत. ‘ल’ आणि ‘ळ’ यांतला फरक बराचसा दोन-तीन हजार हर्ट्झच्या टापूत राहतो. ‘ळ’ म्हणताना जीभ मागे वळते आणि तिथला एक अनुनाद खाली सरकतो. आठच पट्ट्या असतील, तर तो सगळा टापू एकदोन गाळण्यांत गोळा होतो आणि ‘काळ’चा ‘काल’ ऐकू येतो. ‘न’ आणि ‘ण’ यांचंही तेच. महाप्राणांचा श्वास आणि ‘स’, ‘श’ यांचा फुसफुसाट आणखी वर, चार-पाच हजारांच्या पलीकडेही पसरतो. तिथे कॉर्डच्या आवाजात फारसा दम नसतो. म्हणून चांगल्या व्होकोडरमध्ये वेगळा सूरविरहित खरखराट मिसळण्याची सोय असते, किंवा वरचा मूळ आवाज तसाच पुढे सोडता येतो. ती सोय नसेल, तर मराठी शब्दांचे कणे मोडतात.

त्यामुळे दुकानात गेल्यावर ‘हॅलो, हॅलो’ म्हणण्यात अर्थ नाही. माईकसमोर मध्य रेल्वेची स्टेशनं म्हणावीत : घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर, मुलुंड, ठाणे. घ, ळ, भ, ड, ठ, ण सगळे ओळीने येतात. सोबतच्या माणसाने पाठमोरं उभं राहून ऐकावं. त्याला विक्रोळी आणि भांडुप ओळखता आलं, तर यंत्र विचारात घेण्यासारखं आहे.

कॉर्गचा मायक्रोकॉर्ग २००२ पासून सगळ्यांच्या ओठांवर आहे. त्याच्यात आठ पट्ट्या, एका वेळी चार स्वर आणि ३७ बारक्या पट्ट्यांचा कीबोर्ड. पाच स्वरांची कॉर्ड दाबली की एक स्वर गळतो. पेटीवर हात बसलेल्या वादकाची बोटंही त्या बारक्या पट्ट्यांवर अडखळतात. नंतर आलेल्या मायक्रोकॉर्ग एक्सएलमध्ये पट्ट्या सोळा आणि स्वर आठ, म्हणून मराठीसाठी तो उजवा. वाल्डॉर्फच्या एसटीव्हीसीत २५६ पट्ट्या आहेत आणि कीबोर्ड ४९ पट्ट्यांचा. पण नुसत्या आकड्यावर भाळू नये. रोलँडच्या १९७९ च्या व्हीपी-३३० मध्ये पट्ट्या दहाच होत्या, तरी आजही तिच्याच आवाजाच्या नकला निघतात. पट्ट्या कुठे बसवल्या, हेही मोजण्याइतकंच महत्त्वाचं.

ज्याच्याकडे चांगला कीबोर्ड आधीच आहे, त्याने दुसरा लहान कीबोर्ड घेण्यापेक्षा इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या व्ही२५६ सारखी पेटी घ्यावी. पट्ट्या हव्या तशा कमीजास्त करता येतात आणि सूर आपल्याच कीबोर्डवरून पुरवता येतो. लॅपटॉपवरचे व्होकोडर आवाजात कुठेच कमी नाहीत. पण २५६ नमुन्यांच्या बफरवर एका बाजूचाच उशीर पाच मिलिसेकंदांच्या वर जातो, आणि जातायेताचा उशीर गाणाऱ्याला शब्द उच्चारताना जाणवतो. बफर १२८ वर आणून तालमीत तासभर चालवून पाहावं, मगच रंगमंचावर न्यावं.

आता मींडेचा प्रश्न. सुटे सूर वाजवणाऱ्या वाद्याला मींड जमत नाही, या आक्षेपावर १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियम बंद केली आणि ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. व्होकोडरवर हाच आक्षेप लागू होतो. गळ्यात कितीही सुंदर मींड घेतली, तरी सूर पट्टीवरच राहतो. म्हणून पिच बेंडचं चाक डाव्या हाताखाली आणि त्याची मर्यादा निदान दोन सुरांची असावी. नाट्यपदाची जागा व्होकोडरवर घेण्याचा हट्ट मात्र सोडावा. संथ चालीत, लांब कॉर्डवर म्हटलेल्या ओळी त्याला शोभतात.

हे सारं घरी जमलं, तरी नाट्यगृहात ढोलकी आणि ऑक्टोपॅड शेजारीच असतात. ढोलकीचा ठोका माईकमध्ये शिरला, की खालची पट्टी उघडते आणि कॉर्ड नाहक घुमते. त्यामुळे माईक डायनॅमिक, ओठांना चिकटून, आणि नॉइज गेट लावलेला हवा. दोन्ही हात पट्ट्यांवर असल्याने डोक्याला लावायचा माईक सोयीचा पडतो. मॉनिटरऐवजी कानातला इअरफोन असला, तर गुंजारव होत नाही. साउंडवाल्याकडे दोन लाइन द्याव्यात, एक व्होकोडरची आणि एक साध्या आवाजाची. शब्द हरवतात असं वाटलं, तर तो मागच्या रांगेतून ऐकून साधा आवाज थोडा वर करू शकतो.